अनोळखी स्त्री, वय अंदाजे २० ते २२ वर्षे

मरणोत्तर पंचनाम्याच्या छापील नमुन्यात नावाचा रकाना अगदी वर असतो. मी तो आयुष्यात पहिल्यांदा भरला तेव्हा त्यात लिहिलं, ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे २० ते २२ वर्षे’. त्या ओळीच्या जागी खरं नाव यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत जे पाहिलं, ते कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवते आहे.

मी मूळची लातूरकडची. एमपीएससीतून नायब तहसीलदार झाले आणि पहिलीच नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात, थेट छत्तीसगडला लागून असलेल्या भागात मिळाली. ऑर्डर वाचून आई दोन दिवस नीट जेवली नाही. मला जिल्ह्याची माहिती होती ती परीक्षेच्या टिपणांतली. १९८० मध्ये आंध्रातून प्राणहिता नदी ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली दलमं, म्हणजे सशस्त्र पथकं, आली. १९९० च्या डिसेंबरात स्थानिक तरुणांची सी-६० ही पोलीस तुकडी उभी राहिली. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे अनुक्रमे १५, १६ आणि १७ पोलीस मारले गेले. आकडे तोंडपाठ होते. गोळीबार थांबल्यावर महसूल खात्याच्या माणसाला काय करावं लागतं, हे मात्र कुठल्याच टिपणात नव्हतं.

मार्च महिना होता. मोहफुलं वेचायचे दिवस. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि फोन आला. “मॅडम, चकमक झाली. दोन डेड बॉडी आहेत, एक जेंट्स, एक लेडीज. आपला एक जवान जखमी आहे, त्याला हेलिकॉप्टरनं नागपूरला हलवलंय. उद्या दुपारी गडचिरोलीला इन्क्वेस्ट आहे.” इन्क्वेस्ट म्हणजे मरणोत्तर पंचनामा. एवढंच. तव्यावरची भाकरी करपली ती तशीच खाल्ली, कारण पहाटे निघायचं होतं. भामरागडपासून जिल्ह्याच्या ठिकाणी पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर पडतात आणि त्यातला आलापल्लीपर्यंतचा पट्टा सगळा जंगलातून जातो.

आमच्या उपविभागीय अधिकारी साहेबांनी गाडीतच एक झेरॉक्स हातात दिली. जागोजागी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल, पीयूसीएल (ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रकरण मुंबईतल्या १९९५ ते १९९७ या काळातल्या चकमकींचं होतं, पण त्यात दिलेल्या सोळा सूचना देशभर लागू आहेत. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकानं करायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. मानवी हक्क आयोगाला कळवायचं. पोलिसांनी वापरलेली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. लगोलग बढत्या आणि शौर्याची बक्षिसं द्यायची नाहीत. प्रत्येक अशा मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी करायची. ही चौकशी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १९६ झालं आहे. चौकशी अधिकारी साहेब होते. कागद तयार करायचे, माणसं बोलवायची, जबाब लिहून घ्यायचे हे माझं काम.

“सगळ्यात आधी ओळख,” साहेब म्हणाले. “नातेवाइकांना कळवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.”

शवागाराच्या बाहेर पोलिसांची गर्दी होती. आत मात्र आम्ही मोजकेच. दोन पंच, छायाचित्रकार, पोलीस अधिकारी, मी आणि एक महिला शिपाई. पुरुषाची ओळख लगेच पटली. त्याचा जुना फोटो पोलिसांच्या संग्रहात होता आणि आत्मसमर्पण केलेल्या दोघांनी त्याला पाहताक्षणी ओळखलं. त्याचं गाव आमच्याच जिल्ह्यातलं होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी आला, काही न बोलता सह्या केल्या आणि मृतदेह घेऊन गेला.

तिच्याकडे मात्र काहीच नव्हतं.

पंचनामा डोक्यापासून पायापर्यंत लिहायचा असतो. उंची, बांधा, वर्ण, केस, कपडे, जखमा. मी सांगत होते आणि लेखनिक लिहीत होता. अंगात गडद हिरवा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, वरून तिसरं बटण दुसऱ्याच रंगाचं, हातानं शिवलेलं. उजव्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली साबणाची अर्धी वडी, काळ्या दोऱ्याचं रीळ आणि त्यात खोचलेली सुई, तापाच्या गोळ्यांची पट्टी, त्यातल्या दोन शिल्लक. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदण. एका ओळीत पाच ठिपके. चार अगदी सरळ, पाचवा जरासा खाली घसरलेला. मी ‘पाच ठिपक्यांचे गोंदण’ एवढंच लिहायला सांगून पुढे सरकत होते. महिला शिपाई हळूच म्हणाली, “मॅडम, पाचवा वाकडा आहे, तसं लिहा ना.” ती त्याच भागातली, माडिया आदिवासी. मी लिहायला लावलं. पुढे त्याच शब्दांनी काम केलं, म्हणून तिचे उपकार मानते.

जखमा दोन होत्या. त्यांचं वर्णन मी इथे करत नाही. पंचनाम्यात ते आहे, डॉक्टरांच्या अहवालात आहे.

आत्मसमर्पितांपैकी एकीनं तिला ओळखलं, पण पार्टीतल्या, म्हणजे नक्षल संघटनेतल्या नावानं. दलममध्ये गेलं की नवं नाव मिळतं आणि एकच नाव वेगवेगळ्या दलमांत दोघी-तिघींना असू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते नाव घेऊन एका जुन्या यादीत शोधलं गेलं. यादीत त्या नावापुढे इंद्रावती नदीपलीकडच्या, छत्तीसगडमधल्या विजापूर जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आणि एक खरं नाव होतं. मी ते माझ्या कागदावर उतरवून घेतलं, तिकडच्या पोलीस ठाण्याला संदेश गेला, आणि मला वाटलं, झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाप आला. बरोबर त्याचा भाऊ आणि गावातला हिंदी येणारा एक मुलगा. नदी पायी ओलांडून, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर, मग जीपनं, दोन दिवसांचा प्रवास करून ते पोहोचले होते. बापाच्या काखेत कापडी पिशवी होती. भाषेसाठी मी आमच्या तालुक्यातल्या एका वयस्क कोतवालांना बरोबर आणलं होतं. सगळं कार्यालय त्यांना मामा म्हणे, मीही म्हणायची. माडिया त्यांची घरची भाषा.

चादर बाजूला केली. बाप वाकला, बराच वेळ पाहत राहिला. मग सरळ झाला आणि दोन शब्द बोलला.

“मॅडम, ही त्याची पोरगी नोहे म्हणते,” मामा म्हणाले.

मला क्षणभर बरं वाटलं, त्या माणसासाठी. त्याच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसलं नाही. तो बाहेर येऊन व्हरांड्यातल्या फरशीवर बसला. चहा आणला तो त्यानं हातात धरून ठेवला, प्यायला नाही. सहा वर्षांपूर्वी मुलगी गेली, तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती, हे मामांच्या तोंडून कळलं. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहत काही विचारलं. मामा गप्प राहिले. मी विचारलं, काय म्हणतात?

“म्हणते, ही माझी नोहे, मंग माझी कोठी हाये?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादी चुकली होती आणि ती खातरजमा न करता पुढे पाठवणाऱ्यांत मीही होते. एका माणसाला दोन दिवस मी त्याची मुलगी मेल्याचं सांगून चालवलं होतं. त्याची माफी मागितली. मामांनी माझं बोलणं भाषांतर करून सांगितलं की नुसतं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ते मला कळलं नाही. जाताना त्यानं पिशवीतून एक घडी काढली. कोरं पांढरं लुगडं होतं, मुलीच्या अंगावर घालायला आणलेलं. हात फिरवून घडी नीट केली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. त्यांच्या परतीच्या गाडीची सोय केली, तेवढंच माझ्या हातात होतं.

त्या रात्री विश्रामगृहात झोप लागली नाही. मारल्या गेलेल्यांचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. २२ एप्रिल २०१८ ला बोरिया-कसनासूरला चकमक झाली आणि पुढचे दोन दिवस इंद्रावतीच्या पात्रातून मृतदेह निघत राहिले, त्याच जिल्ह्यातली लगेच झालेली दुसरी चकमक धरून मृतांचा आकडा ४० वर गेला, हे मी विद्यार्थी असताना वाचलं होतं. चाळीस जणांची ओळख पटवायची म्हणजे काय, याचा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता. आता एका मुलीचं नाव सापडेना.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी वेगळा मार्ग धरला. फोटोऐवजी गोंदणाचं वर्णन, उंची आणि अंदाजे वय असा मजकूर तयार केला. तो दोन्ही राज्यांतल्या सीमेवरच्या पोलीस ठाण्यांत गेलाच, शिवाय मामांनी स्वतःच्या सोयऱ्यांमध्ये निरोप फिरवला. आमच्या तालुक्याच्या पूर्वेला अबुझमाड, हा छत्तीसगडमधला डोंगराळ जंगलपट्टा, सुरू होतं. तिकडच्या बहुतेक गावांची महसुली मोजणी तोवर झालेली नव्हती. सातबारा सोडा, गावाचा नकाशाही नाही. पण मामांच्या भावकीतली मुलगी तिकडे दिलेली, त्यांची सून तिकडून आणलेली. सरकारी संदेश पोहोचायच्या आत आठवडी बाजारातून निरोप पोहोचला.

पाचव्या दिवशी सकाळी आई आली. बरोबर तिचा भाऊ. ती तोंडाकडे गेलीच नाही. आधी डावा हात दाखवा म्हणाली. महिला शिपायानं चादरीतून हात बाहेर काढला, मनगट वळवलं. आईनं त्या पाच ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि पाचव्यापाशी थांबली. मग बोलू लागली. रडत नव्हती, सांगत होती. मामा तुटक तुटक मराठीत सांगत गेले. गोंदताना पोरगी चार ठिपक्यांपर्यंत गप होती, पाचव्याला दुखलं म्हणून तिनं हात ओढला. गोंदणारीनं पुन्हा नीट करते म्हटलं तर पळून गेली. तो वाकडाच राहिला.

हे सगळं मी जबाबात लिहिलं. मला माहीत आहे की जबाबात एवढं लागत नाही. ‘डाव्या मनगटावरील गोंदणावरून ओळखले’ एवढं पुरतं. पण लिहिलं, आणि साहेबांनीही खोडलं नाही.

आईच्या भावानं कंबरेच्या कापडात गुंडाळलेली एक अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका, काढून दिली. तिकडच्या एका आश्रमशाळेची, पाचवीची. तिच्यावर जन्मतारीख होती. हिशेब केला तर मुलीला एकोणिसावं पुरं व्हायला दोन महिने होते. आमचा ‘२० ते २२’ हा अंदाजही चुकलेला. नावाचं शाळेतलं लेखन वेगळं, आई उच्चारत होती ते वेगळं. मी आईला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, मामांना म्हणायला लावलं, आणि आई म्हणते तसं नाव आधी लिहून, पुढे ‘उर्फ’ घालून शाळेतलं आणि मग पार्टीतलं लिहिलं. ‘अनोळखी स्त्री’ हे शब्द एका रेघेनं खोडले, बाजूला सही केली, तारीख घातली.

मग ताबा पावती. छापील मजकूर होता, ‘मृतदेह सुस्थितीत ताब्यात मिळाला, तक्रार नाही.’ आई अंगठा उठवायला पुढे झाली आणि मग थांबून मामांना म्हणाली, काय लिहिलंय ते वाच. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पावती परत घेतली. ‘सुस्थितीत’ आणि ‘तक्रार नाही’ दोन्ही खोडलं. उरलं ते ‘मृतदेह ताब्यात मिळाला.’ ते वाचून दाखवलं, तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. त्यानंतर मी अशी कुठलीही पावती न वाचता पुढे केलेली नाही.

शववाहिका रस्ता संपतो तिथपर्यंत गेली. पुढे बाज उलटी करून बांबूला बांधली आणि गावच्या माणसांनी खांद्यावर नेली, असं मामांनी नंतर सांगितलं. ते स्वतः बरोबर गेले होते. रजा मांडली नाही, मीही विचारलं नाही.

घटनास्थळाला आम्ही गेलो ते दहाव्या दिवशी. त्याआधी सुरुंगाच्या भीतीनं परवानगी नव्हती. पोलीस मदत केंद्रापासून तीन तासांची चाल. पुढे बॉम्बशोधक पथक, मग सी-६० ची पार्टी म्हणजे तुकडी, मग आम्ही. पार्टी कमांडरनं निघताना बजावलं, “मॅडम, पायवाटेवर पाय द्यायचा नाही. पुढच्याच्या पावलात पाऊल.” तीन तास मी समोरच्या जवानाच्या बुटाच्या टाचेशिवाय काही पाहिलं नाही. डाव्या टाचेला अर्धचंद्रासारखी चीर होती. ती अजून आठवते.

जागा नाल्याच्या काठी होती. साहित्य पोलिसांनी त्याच दिवशी जप्त केलेलं, पिट्टू म्हणजे पाठीवरच्या पिशव्या, एक भरमार म्हणजे ठासणीची बंदूक, एक बारा बोअर बंदूक, वॉकीटॉकी, भाताचा गंज म्हणजे पातेलं. रक्तमिश्रित माती आणि शेजारची साधी माती, दोन्हीचे नमुने वेगवेगळ्या डब्यांत, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून गेलेले. आम्ही पोहोचलो तेव्हा तीन दगडांची चूल शिल्लक होती आणि राखेत सांडलेला भात वाळून खड्यासारखा झाला होता. ऐनाच्या आणि सागाच्या बुंध्यांवर गोळ्यांच्या खुणा होत्या, प्रत्येकीभोवती खडूचं वर्तुळ आणि आकडा. दोन्ही बाजूंच्या झाडांवर खुणा आहेत का, कुठल्या बाजूला किती, जमिनीपासून किती उंचीवर, हे साहेबांनी एकेक मोजायला लावलं. गोळीबार दोन्हीकडून झाला की एकाच बाजूनं, हे माणसं काहीही सांगोत, झाडं सांगतात. त्या उन्हात चार तास आम्ही टेप धरून झाडं मोजत होतो.

सीमेचा प्रश्नही तिथेच सोडवायचा होता. गुन्हा आमच्या हद्दीतला की छत्तीसगडच्या? जंगलात कुठे रेघ आखलेली नसते. वनविभागाचा सिमेंटचा एक खांब होता, झुडपात अर्धा बुडालेला. त्यापासून टेप आणि जीपीएस दोन्हींनी अंतर घेतलं. चूल रेषेच्या अलीकडे साडेतीनशे मीटर होती. म्हणजे हद्द आमची. पण पोलिसांच्या पंचनाम्यात रक्ताचा एक माग नाल्यानं पुढे गेल्याचं लिहिलं होतं, थेट त्या खांबाच्या पलीकडे. कुणीतरी जखमी होऊन तिकडे गेलं होतं. मी खांबापाशी उभी राहून पलीकडे पाहिलं. तीच झाडं, तोच पालापाचोळा. पण माझा अधिकार तिथे संपत होता.

परतताना मोहाच्या एका झाडाखाली बांबूची टोपली दिसली. बुडाशी मोहफुलं, सुकून काळी पडलेली. झाडाखालची जागा पाला जाळून स्वच्छ केलेली. चकमकीच्या वेळी तिथे कुणीतरी फुलं वेचत होतं आणि टोपली टाकून पळालं होतं.

जाहीर नोटीस आम्ही नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात दिली. ‘सदर घटनेबाबत कोणास काही माहिती द्यावयाची असल्यास...’ ज्या गावात वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथल्या लोकांसाठी ती मराठी नोटीस. म्हणून मामांनी बाजाराच्या दिवशी ती माडियात मोठ्यानं सांगितली. पहिल्या तारखेला कुणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला चौघं आले, पोलीस पाटलाच्या मागे. चौघांचा जबाब एकच, आम्ही झोपलो होतो, काही ऐकलं नाही. गोळीबार सकाळी साडेदहाला झाला होता. मी टोपलीबद्दल विचारलं. एक बाई दाराकडे पाहू लागली.

साहेबांनी मला थांबवलं. जबाब दिला म्हणून पोलिसांचा खबऱ्या ठरवायचं, रात्री घरातून उचलायचं, सकाळी रस्त्यावर मृतदेह आणि त्यावर पत्रक, हे या जिल्ह्यात किती गावांनी पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूनं, नक्षल्यांना भात घातला म्हणून ठाण्यात बोलावणं येईल ही भीती आहेच. त्या बाईनं झोपले होते म्हटलं, मी झोपली होती असं लिहिलं. तिचं म्हणणं खोटं आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. टोपली तिला परत मिळाली का, हे विचारायचं राहून गेलं.

जखमी जवानाचा जबाब नागपूरला रुग्णालयात घेतला. मांडीतून गोळी गेलेली. वय सव्वीस. त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. पहाटे पार्टी कुठून निघाली, नाल्याकडून धूर कसा दिसला, शरण या म्हणून किती वेळा ओरडलं, पहिली फैर कुठून आली. त्याला किती राउंड दिले होते, किती झाडले, किती परत जमा केले, आकडा बिनचूक. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो आणि तो त्याला पाठ होता. मी जबाब वाचून दाखवला. सही करायच्या आधी तो म्हणाला, “मॅडम, गावाचं नाव यातून काढता येईल का? पत्ता मुख्यालयाचा टाका. आईबाबा अजून गावातच आहेत. गडचिरोलीत खोली बघतोय, मिळाली की आणतो.” तो माडिया होता. त्याच्या गावापासून त्या मुलीच्या आईचं गाव रेषेपलीकडे, चालत गेलं तर दीड दिवसावर. त्याला मी ते सांगितलं नाही.

गावाचं नाव काढून टाकलं. चौघांच्या जबाबांतही ग्रामपंचायतीपलीकडे तपशील ठेवला नाही. म्हणून या लेखातही गाव, माणसं, वर्ष काही देत नाही. एका मुलीचं नाव कागदावर बिनचूक यावं म्हणून पाच दिवस धडपडले आणि मग ज्यांना जगायचं आहे त्यांची नावं कागदावरून निसटवत बसले. दोन्ही कामं तितक्याच काळजीनं केली.

अहवाल तीन महिन्यांत गेला. झाडांवरच्या खुणा, शवविच्छेदनातलं गोळ्यांचं अंतर, हत्यारांचा अहवाल, जबाब, नकाशा. गोळीबार दोन्ही बाजूंनी झाला होता, पोलिसांची कृती स्वसंरक्षणाची होती, हा निष्कर्ष साहेबांनी काढला. मी सगळे कागद पाहिले आहेत आणि तो मला पटतो. अहवालाच्या मृतांच्या तक्त्यात दुसऱ्या ओळीत तिचं नाव आहे, आई म्हणायची तसं. टंकलिपिकानं दोनदा चुकवलं, दोनदा परत करायला लावलं.

पुढे माझी बदली झाली. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव म्हणजे भूपती यानं साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली, ते मी कार्यालयात मोबाइलवर पाहिलं. रांगेतल्या मुलींचे चेहरे थांबवून थांबवून पाहिले. त्याच्याही आधीपासून माझी एक सवय आहे. गडचिरोलीत, विजापूरमध्ये, नारायणपूरमध्ये आत्मसमर्पणाची यादी निघाली की मी ती मिळवते आणि त्या बापाच्या मुलीचं नाव शोधते. पार्टीतलं नाव, खरं नाव, वय, गाव. मारल्या गेलेल्यांच्या यादीतही शोधते. पार्टीतलं ते नाव आजवर तीनदा सापडलं आहे, दोनदा समर्पणात, एकदा चकमकीत. दर वेळी गाव वेगळं निघालं.

मामा आता निवृत्त झालेत. मागच्या महिन्यात फोन केला होता. इंद्रावतीच्या पलीकडून येणाऱ्या बाजारकऱ्यांकडे ते अजून विचारपूस करतात. त्या घरी कुणी परत आलं का म्हणून मी विचारलं.

“अजून नाही, मॅडम,” ते म्हणाले. “बाप हाये. मोह वेचाले जाते.”